मुख्याध्यापकांनो, लिफाफ्यात एक पेनड्राइव्हही टाका

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील मराठी शाळांचे सर्व मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समित्या

सप्रेम नमस्कार.

महाल भागात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, २२ वर्षांचं. तुमच्यापैकी अनेकांना मी चेहऱ्यापेक्षा हस्ताक्षरानं जास्त ओळखतो. तान्हा पोळा झाला, मारबती निघून गेल्या की चार-आठ दिवसांत सहामाहीच्या पेपरांचे लिफाफे माझ्या टेबलावर यायला लागतात. लिफाफा फोडायचा, टाइप करायचं, सरांना प्रूफ दाखवायचं, छापायचं, पुन्हा चिकटपट्टी लावून वर सही-शिक्का घ्यायचा. इतक्या वर्षांत माझ्या दुकानातून एक प्रश्न बाहेर गेलेला नाही. माझ्या दोन्ही लेकरांनी स्वतःच्या शाळेचा पेपर परीक्षेआधी कधी पाहिला नाही, बापाच्या टेबलावर तो पडलेला असतानासुद्धा.

धाकटीनं तर तो परीक्षेच्या खोलीतही नीट पाहिलेला नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

ती आता नववीत आहे. पाचवीत असताना दिवेलागणीला खेळून घरी येताना ओट्याला, उभ्या सायकलीला धडकायची. आम्ही ओरडायचो, "पाहून चाल ना!" मग मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग बाजूचं. शेवटी समोर एवढंसं भोक उरतं, दाराच्या चावीच्या छिद्रातून पाहावं तसं. ते भोकही लहान होत जातं.

शाळेनं मदत केली, अगदी मनापासून. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हिला पेपर मोठा करून देऊ. मोठा मीच करून दिला. ए-फोरचा ए-थ्री म्हणजे १४१ टक्के, बारा पॉइंटचं अक्षर सतराच्या घरात जातं. दोन परीक्षा तिनं त्या मोठ्या कागदावर दिल्या आणि मार्क आणखी घसरले. का, ते मला वर्षभरानं कळलं. चावीच्या छिद्रातून पाहणाऱ्याला अक्षर मोठं केलं तर एका वेळी दिसणारे शब्द कमी होतात. आधी पाच मावत असतील तर आता तीनच. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायला होतं. अल्पदृष्टीच्या दुसऱ्या एखाद्या मुलाला, ज्याला सगळंच धूसर दिसतं, त्याला हाच ए-थ्री कागद वरदान ठरला असता. मी तिला विचारलं, "मग सांगितलं काहून नाही?" ती म्हणाली, "तुम्ही सगळे एवढं करून राहिले होते, म्हणून मी नाही बोलली."

मोठं अक्षर हवं की नको, काळ्यावर पांढरं हवं का, कागद चकाकतो का, हे त्या मुलालाच विचारावं लागतं, आणि दर वर्षी पुन्हा विचारावं लागतं. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

नंतर दुकानात एक मुलगा यायला लागला. दृष्टिहीन, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा, फॉर्मच्या प्रिंट काढायला यायचा. त्यानं दोन रविवार बसून लेकीला टॉकबॅक शिकवलं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीच असतं, विकत काही घ्यावं लागत नाही. बोट फिरवलं की फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, मराठीतसुद्धा. पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली होती. तिसऱ्या महिन्यात तिनं आवाजाचा वेग इतका वाढवला, की मला त्यातला एक शब्द कळेना. मिक्सर चालू असल्यासारखं ऐकू येतं ते. ती त्यातून आख्खा धडा ऐकते आणि वर मला विचारते, "बाबा, तुम्हाला हे हळू वाटतं का?"

एका संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं तिला गेल्या वर्षीचे इतिहासाचे पेपर दिले, सरावाला. माझेच टाइप केलेले, सुबक, रकाने आखलेले. पीडीएफ तिच्या फोनवर टाकल्या. फोन वाचायला लागला: एच, के, के, जे, आर. मग आणखी कसलीशी अगम्य इंग्रजी बडबड. तिला वाटलं फाईल बिघडली. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. "बाबा, हे तुमचंच आहे ना? हे तर इंग्रजीतच बोलून राहिलं."

ती अक्षरं मी ओळखली. एच, के, के, जे, आर म्हणजे 'भारत'. कृतीदेवमध्ये भारत असाच टाइप होतो.

तुमच्या शाळेतले टंकलेखन जाणणारे क्लार्क हे लगेच ओळखतील, इतरांसाठी सांगतो. कृतीदेव किंवा त्या पिढीतले आमचे बाकीचे जुने फाँट म्हणजे मुखवटा आहे. कागदावर 'भ' दिसतो, पण फाईलच्या पोटात रोमन अक्षरंच असतात. र्‍हस्व वेलांटी तर आम्ही अक्षराच्या आधी टाइप करतो, कारण टाइपरायटरवर तशीच होती. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. यंत्र मात्र पोटातलं वाचतं. फाँट बनवणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्या काळात मराठी छापायला दुसरं काही हाताशी नव्हतं. पण युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात 'भ'ला 'भ'चाच क्रमांक असतो, जगात कुठल्याही यंत्रावर. फाँट बदला, फोन बदला, भ हा भच राहतो आणि यंत्र तो मराठीतच वाचतं. हे मला दहा-बारा वर्षं माहीत होतं. सरकारी अर्ज मी युनिकोडमध्येच करत होतो. तुमचे पेपर मात्र जुन्या फाँटात, कारण बोटांना सवय, मागच्या वर्षीची फाईल तयार, आणि कुणी मागितलंच नाही.

हिशेब केला तर माझ्या हातून काही हजार पेपर असे गेले असतील. या शहरातल्या कितीतरी मुलांसाठी ते पेपर कुलूपबंद होते आणि कुलूप मी लावलं होतं. म्हणून तुम्हाला काही सांगण्याआधी माझी चूक पदरात घेतो.

आता तुमच्याकडे येतो.

शाळांना अलीकडे यंत्रं मिळतात, हे मी पाहतो, कारण वाटपाच्या कार्यक्रमाचे फ्लेक्स माझ्याकडेच होतात. टॅब येतो, प्रोजेक्टर येतो, मोठा स्पर्शपडदा येतो. फोटो होतो. मग डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते आणि वस्तू कपाटात जाते. एका शाळेत मी कपाटातला टॅब पाहिला, दोन वर्षांत खोक्याचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. मी मुख्याध्यापकांना हसलो नाही. फुटला, हरवला तर भरपाई कोणाच्या पगारातून, हा प्रश्न खरा आहे. पण तो प्रश्न एका ठरावानं सुटतो. व्यवस्थापन समितीनं एकदा लिहून ठेवावं, की अमुक वस्तू अमुक मुलाच्या रोजच्या वापरासाठी आहे, वापरताना बिघडली तर शाळा दुरुस्त करेल. एवढं लिहिलं की किल्ली बाहेर येते.

आणि किल्ली बाहेर आली तरी टॅबवर टाकायचं काय? तुमचा गृहपाठ फळ्यावर असतो, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. फोटोतली खडूची अक्षरं कुठल्याही अ‍ॅपला धड वाचता येत नाहीत. छापील पानाचा फोटो असेल तर आता फोन बराचसा मजकूर ओळखतो, पण अपूर्णांक, तक्ते, जोड्या लावा, यात सगळी खिचडी होते. एखाद्या बाईंनी तोच गृहपाठ फोनवर मराठीत बोलून टाइप केला तर दोन मिनिटांचं काम आहे. फोनचं बोलून-लिहिणं मराठीत आता चांगलं चालतं. चार चुका राहतील. राहू द्या, मुलं समजून घेतात.

माझी मागणी खरं तर एवढीच आहे. पेपर आणि स्वाध्याय युनिकोडमध्ये टाइप करून घ्या, आणि छापील प्रतींच्या सोबत वर्डची फाईल मागून घ्या. पीडीएफ नको, निदान एकटी नको. देवनागरीच्या पीडीएफमध्ये काना-मात्रा इकडेतिकडे जातात, आणि आम्ही डिझाइनवाले अक्षरांचं चित्र करून टाकतो ते वेगळंच. यासाठी जास्त पैसे द्यावे लागत नाहीत. कोणी डीटीपीवाला मागत असेल तर माझ्याकडे या.

माझे व्यवसायबंधू काय म्हणतील ते ठाऊक आहे. बोटं जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या कीबोर्डची आहेत, नव्यानं शिकणार कोण? नव्यानं शिकायची गरजच नाही. रेमिंग्टनच्याच बोटांनी युनिकोड देणारा कीबोर्ड फुकट मिळतो, मी दोन आठवड्यांत सरावलो. जुन्या फाईली बदलून देणारे कन्व्हर्टरही आहेत. 'द्ध' आणि 'ऱ्य'ला ते अडखळतात, तेवढं हातानं दुरुस्त करायचं. दुसरी तक्रार मुख्याध्यापकांची असते आणि ती मला मनापासून पटते: युनिकोडमधला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा दिसतो. संगणकात आधीपासून असलेल्या मंगल फाँटात दिसतो खरा, आणि मराठी डोळ्याला तो खुपतो. पण राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' फाँट मोफत आहे, मराठी वळणाचा आहे, छापायलाही देखणा आहे. एका 'ल'साठी पोरांना अडवू नका.

तिसरी अडचण गोपनीयतेची. पेपरची फाईल फोनवर गेली आणि फुटली तर? हा धंदा माझा आहे, म्हणून उत्तरही मीच शोधलं. फाईल फोनवर जाऊच नये. छापील पेपरांच्या लिफाफ्यातच एक पेनड्राइव्ह टाकायचा आणि लिफाफा बंद करायचा. त्याच पेनड्राइव्हवर एनव्हीडीए नावाचा वाचक प्रोग्राम ठेवायचा. मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहायला सुरुवात केली, आणि तो आजही फुकट आहे. संगणकात इन्स्टॉल न करताही तो पेनड्राइव्हवरून थेट चालतो. तुमच्या संगणक कक्षातला एखादा जुना संगणक, इंटरनेटची वायर काढलेली, आणि एक हेडफोन. मराठी आवाज जरा रोबोसारखा आहे, सवय होते. परीक्षा सुरू व्हायच्या वेळी लिफाफा फोडायचा, संपली की पेनड्राइव्ह परत लिफाफ्यात. गेल्या वर्षी एका शाळेनं माझं ऐकून हे करून पाहिलं. तिथल्या एका मुलीनं पेपर स्वतः वाचला, मागे जाऊन पुन्हा वाचला, तिसरा प्रश्न आधी सोडवला. वाचून दाखवणाऱ्या लेखनिकाला "परत वाच ना" हे ती फार तर दोनदा म्हणायची. तिसऱ्यांदा म्हणायला संकोच वाटतो. संगणकाला ती नऊ वेळा म्हणते.

लेखनिक नकोच, असं मी म्हणत नाही. जादा वेळही हवाच, तासाला २० मिनिटं. यंत्रानं वाचायला वेळ जास्तच लागतो, विशेषतः उतारा असेल तेव्हा.

आकृत्यांचं मात्र अवघड आहे. 'शेजारील आकृतीचे निरीक्षण करा' हे वाक्य ऐकवून काय उपयोग? आकृतीचं वर्णन शब्दांत लिहावं लागतं आणि ते विषयशिक्षकांनीच लिहायला हवं. मी एकदा शहाणपणा करून स्वतः लिहिलं, 'आकृतीत एक समद्विभुज त्रिकोण आहे'. प्रश्न होता, त्रिकोणाचा प्रकार ओळखा. सर अजून मला त्यावरून चिडवतात. नकाशांसाठी लेकीच्या आईनं जाड दोरा आणि फेविकॉल वापरला. कन्हान आणि वैनगंगा तिनं बोटानं शिकली. अशा वेळी यंत्रापेक्षा दोरा बरा.

ऐकून शिकण्यातही एक खोट आहे. फोन 'पाणि' आणि 'पाणी' सारखंच वाचतो. दोन वर्षं नुसतं ऐकून लेकीचं शुद्धलेखन पार बिघडलं, र्‍हस्व-दीर्घाचा काही धरबंध राहिला नाही. म्हणून ती आता ब्रेल शिकते आहे, जरा उशिराच. सहा टिंबांच्या ६३ जुळण्या, भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ठरलेली भारती ब्रेल. फोन आला म्हणून ब्रेल गेली, असं जे सांगतात त्यांनी तिच्या वह्या पाहाव्यात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, यात २१ आहेत, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही त्यात आली. समावेशक शिक्षणाचं बंधन नुसत्या अनुदानित शाळांना नाही, सरकारमान्य असलेल्या प्रत्येक शाळेला आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य ती सहायक उपकरणं मोफत मिळावीत, परीक्षापद्धतीत योग्य ते बदल व्हावेत, हे कलम १७ मध्ये आहे. झेरॉक्सवाला म्हणून मला आणखी एका गोष्टीनं हायसं वाटलं. पाठ्यपुस्तकातला धडा पुन्हा टाइप करून दिला तर चोरी होईल, असं मी घाबरायचो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकाला वाचता येईल अशी प्रत करून द्यायला मुभा आहे. त्यातून नफा मात्र काढायचा नाही.

लेकीमुळे दुकानात आता असेच आईबाप यायला लागलेत आणि माझा धंदा जरा विचित्र झालाय. एका ताईंचा मुलगा कानाला यंत्र लावतो. त्यांनी सांगितलं ते मी कधी विचारातच घेतलं नव्हतं: मार्चपासून वर्गात कूलर लागतो, आणि कानातलं यंत्र बाईंच्या आवाजासोबत कूलरची घरघरही मोठी करून देतं. आपल्या नागपूरच्या उन्हात कूलर बंद करा कोण म्हणणार! बाईंच्या गळ्याशी लावायचा छोटा माइक मिळतो, त्याचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात जातो. तो ज्या शाळेत आहे, तिथे तो गळ्याशी असावा, कपाटात नसावा. तो लावून बाई दुसऱ्या वर्गात गप्पा मारायला गेल्या की मुलगा त्या गप्पाही ऐकतो, हेही त्या ताईंनीच सांगितलं. बंद करायचं बटण असतं, बाई.

नंदनवनकडच्या एका आईचा मुलगा बोलत नाही. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो नावाचं अ‍ॅप ती वापरते. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण शाळेत फोन न्यायला मनाई, म्हणून ती माझ्याकडे चित्रांची कार्डं लॅमिनेट करायला आली. इंटरनेटवरून घेतलेल्या तयार कार्डांत पिझ्झा होता, तर्री-पोहे नव्हते. पोराला हवी होती तर्री. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन प्लेटचा फोटो काढला. 'पाणी', 'पुरे', 'शू', 'कान दुखतो', 'तर्री'. कार्डं त्याच्या दप्तराला लटकवली आहेत. बाईंनी ती वाचायला शिकावीत, एवढंच त्या आईचं म्हणणं आहे. मधल्या सुट्टीत पोराने 'शू'चं कार्ड दाखवलं आणि बाई म्हणाल्या, "छान चित्र आहे हं." पुढचं सांगत नाही.

फोनच्या मनाईबद्दलही बोलतो. मुलं फोनवर काय पाहतात ते मला माहीत आहे, माझ्या थोरल्यालाही मी रोज ओरडतो. पण जिचा फोन हीच वही आहे, तिचा फोन जप्त करून तीन दिवस कार्यालयात ठेवला, तेव्हा तिची तीन दिवसांची शाळा बुडाली. वर्गात कुणीतरी तक्रार केली होती, ती गाणी ऐकते म्हणून. ती भूगोल ऐकत होती, मिक्सरच्या वेगानं. शाळेनं वर्गाला एकदा दहा मिनिटं दाखवावं, की हे काय आहे आणि ही ते कसं वापरते. आता तिच्या वर्गातल्या दोन मुली डोळे मिटून टॉकबॅकवर मेसेज पाठवायची पैज लावतात. हरतात.

आता कामाचं. येत्या सहामाहीचे पेपर तुम्ही पाठवाल, माझ्याकडे किंवा आणखी कुणाकडे. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीत, मुलांची माहिती भरताना दिव्यांगत्वाचा रकाना तुम्हीच भरता, म्हणजे तुमच्या शाळेत अशी मुलं किती आणि कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना बोलावून विचारा, कसा पेपर हवा. मोठा, बोलका, ब्रेलमधला, की ओळींत जास्त जागा सोडलेला. माझ्याकडे आलेले सगळे पेपर या वेळेपासून युनिकोडमध्येच होतील, तुम्ही सांगा किंवा न सांगा. जुने पेपर कुणाला बदलून हवे असतील तर रविवारी दुपारी दुकान त्याच कामासाठी उघडं असतं, पैसे नकोत. क्लार्कना पाठवा, कीबोर्ड बसवून देतो, चहाही पाजतो. मारबतीच्या मिरवणुकीत लोक 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतात, यंदा मीही दुकानाच्या पायरीवरून सगळ्यांसोबत ओरडलो, "कृतीदेव घेऊन जा गे मारबत!" शेजारचा सराफ विचारत होता, हा कोणता नवा रोग.

पेनड्राइव्ह मात्र टोपणाचा पाठवा. मागच्या वेळी एका सरांच्या पेनड्राइव्हमधून शेवेचा चुरा निघाला आणि माझ्या संगणकाचं पोर्ट गेलं.

आपला,
महालातला एक डीटीपीवाला बाप
नागपूर